ब्रेकवरून काढलेला पाय

प्रिय दादा,

फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे दोन वाक्यांत खेळ खलास. 'बरं चाललंय', 'जेवलीस का', आणि लगेच 'घे, वहिनीशी बोल'. म्हणून या वेळी कागदच घेतला. पत्राला मध्येच 'घे, वहिनीशी बोल' म्हणता येत नाही. तेव्हा चष्मा लाव, खिडकीजवळच्या खुर्चीत बस आणि शेवटापर्यंत वाच. मध्ये कुठे अडलास तरी थांबू नकोस. यातलं बरंचसं तूच मला शिकवलेलं आहेस, उरलेलं मी सोपं करून लिहिणार आहे. ते मला जमतं, हे मी आता न लाजता सांगते.

आधी बातमी. ज्या बसच्या मागे आम्ही चार वर्षं लागलो होतो ती गेल्या आठवड्यात सगळ्या चाचण्या पास झाली. पुढच्या वर्षी ती रस्त्यावर येईल. तू मला दर वेळी विचारतोस ना, 'गाडी ड्रायव्हर चालवतो, दुरुस्त मेकॅनिक करतो, मग तू नक्की करतेस काय?' तर ऐक. ब्रेक किती दाबायचा, इंजिनला किती इंधन द्यायचं, कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा, हे आजकाल बसमधला एक छोटा संगणक ठरवतो. त्याने कसं ठरवायचं, हे मी ठरवते. पूर्वीचे असे संगणक, आम्ही त्यांना कंट्रोलर म्हणतो, चूक झाल्यावर जागे व्हायचे. आंघोळीचं पाणी गार लागलं की गरम नळ सोडायचा, चटका बसला की गार. तसा प्रकार. आमचा कंट्रोलर पुढचं बघतो. एका सेकंदात वीस वेळा तो स्वतःशी विचार करतो, की आत्ता असं केलं तर पुढच्या तीन सेकंदांत बस कुठे असेल, तसं केलं तर कुठे असेल. शेकडो शक्यता तपासतो, त्यातली बरी निवडतो, तिचं फक्त पहिलं पाऊल टाकतो आणि बाकीचं सगळं फेकून देऊन पुन्हा पहिल्यापासून विचार करतो. कारण तेवढ्यात रस्ता बदललेला असतो. मी हे पहिल्यांदा शिकले तेव्हा वर्गात मला हसूच आलं होतं. डेपोच्या मागच्या पटांगणात तू मला गाडी शिकवायचास तेव्हा ओरडायचास, 'बॉनेट काय बघतेस? ते काही पळून जात नाही! लांब बघ, लांब!' आमच्या प्राध्यापकांनी तेच सांगायला तीन वेळा फळा भरून गणित लिहिलं.

आमच्या चाचणीच्या ट्रॅकवर एक वळण आहे. त्यावर गुळगुळीत फरशी घातलीय आणि कडेच्या नळ्यांतून सतत पाणी सोडतात. चालत गेलं तरी पाय सटकतो. वळण उताराचं आहे. बाहेरच्या बाजूला प्लास्टिकचे शंकू मांडलेले. शंकू पडला म्हणजे बस रस्त्याबाहेर गेली, असा हिशेब. आमचे चाचणीचे ड्रायव्हर म्हणजे साठीला टेकलेले, पांढऱ्या झुबकेदार मिशांचे गृहस्थ. सगळे त्यांना मिशीवालेच म्हणतात आणि ते स्वतः फोनवरही 'मिशीवाले बोलतोय' असंच सांगतात. त्यांना यंत्रांवर विश्वास नाही, म्हणूनच मी त्यांना मागून घेतलं. ज्याला विश्वास आहे तो माणूस खोट काढत नाही.

पाच महिन्यांपूर्वी पहिल्यांदा कंट्रोलर चालू करून ते त्या वळणावर गेले. मी मागच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप. वळण सुरू झालं, त्यांनी ब्रेकवर पाय ठेवून दाबला, आणि क्षणभर, अगदी पाऊण सेकंद, ब्रेक सैल झाला. बस मोकळी झाल्यासारखी पुढे सरकली. मग नाक वळलं, ब्रेक पुन्हा धरला गेला, आणि शेपटीने दोन शंकू उडवत बस वळणापलीकडे जाऊन उभी राहिली. मिशीवाले खाली उतरले ते तणतणतच. 'मी ब्रेक दाबलाय आणि तुमचं यंत्र तो सोडतंय? उतारावर? माझ्या पायाखालचा ब्रेक काढून घेणारं हे कोण?' आमचे साहेब कठड्यापाशी उभे राहून बघत होते. त्यांना आलेखावर आणखी एक गोष्ट दिसली होती. त्याच क्षणी कंट्रोलरने इंजिनला थोडं इंधनही दिलं होतं. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, 'घसरत्या बसला ॲक्सिलरेटर? हे वेडं झालंय की तुम्ही? चूक शोधा, आणि सापडली नाही तर सरळ नियम घाला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला असेल तर तो सोडायचा नाही. विषय संपला.'

मी चूक शोधायला बसले. अकरा दिवस. सेन्सरच्या वायरी बदलल्या. चाकांच्या वेगाची मापं पुन्हा घेतली. अधिकच्या जागी उणे पडलंय का म्हणून समीकरणाची ओळ न् ओळ बोटाने वाचून काढली. पहिल्या इयत्तेतलं मूल वाचतं तशी. चूक नव्हती. मग साहेबांचा नियम घालून संगणकावरची बस त्याच वळणावर सोडली. ब्रेक घट्ट धरलेला. बस नाकासमोर सरळ गेली. शंकू उडवून, रस्ता सोडून, सरळ. पुन्हा सोडली, पुन्हा सरळ. नियम काढला की शेपटी हलवत का होईना, वळून जायची.

कारण समजल्यावर इतकं साधं निघालं, की मला माझाच राग आला. मी लहान असताना आपण एका पांघरुणात झोपायचो, आठवतंय? तू तुझ्याकडे ओढलंस की मी उघडी, मी ओढलं की तू उघडा. टायरची पकड तशीच असते. एकच पांघरूण, आणि ब्रेक नि स्टिअरिंग ही दोन भावंडं. ओल्या फरशीवर मुळात ते पांघरूण तोकडं. ब्रेकने सगळं ओढून घेतलं की स्टिअरिंगला काहीच उरत नाही. चाकं वळलेली असतात पण बस वळत नाही. आणि इंजिनचं म्हणशील तर, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन मागच्या चाकांना मागे खेचून धरतं. कोरड्या रस्त्यावर हे बरंच, पण निसरड्यावर तेवढी ओढसुद्धा शेपटी सटकवायला पुरते. कंट्रोलरने इंधन दिलं ते बस पळवायला नव्हे, इंजिनाने चाकं धरून ठेवू नयेत म्हणून. ना ढकलायचं, ना ओढायचं. जणू कुणी अलगद क्लच दाबावा.

हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि माझा हात थांबला. ब्रेकवरून पाय काढला आणि क्लच दाबला. दादा, हेच मी आधी वाचलं होतं. तुझ्या अपघाताच्या चौकशीच्या अहवालात, टाइप केलेलं. 'चालकाने उतारावर ब्रेक सोडला व क्लच दाबून वाहन मोकळे केले.'

त्या वळणाबद्दल आपण नऊ वर्षांत एक अक्षर बोललेलो नाही. आज मी बोलणार आहे. सकाळची नऊ वीसची बस, एकतीस माणसं. दगडाच्या खाणीतून निघालेल्या ट्रकांनी वळणावर चिकणमाती सांडलेली आणि पहाटेच्या पावसाने तिचं लोणी झालेलं. वळणात शिरेपर्यंत ती दिसत नाही. समोर पुलाच्या अलीकडे ती मोकळी जागा, जिथे लाकडी खुंटांपलीकडे काही नाही, खाली दोन मजली घराएवढा खोल ओढा. मोकळ्या जागेच्या पुढे वीस पावलांवर पुलाची दगडी भिंत. तुझी बस मोकळ्या जागेवरून पुढे गेली आणि तिची शेपटी भिंतीवर आदळली. सात जण जखमी, आणि मागच्या खिडकीशी बसलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचा पाय कायमचा अधू. तुझ्या मागच्या सीटवरच्या प्रवाशाने सांगितलं, मी बघितलं, यांनी ब्रेकवरून पाय काढला. तुला विचारलं तर तू म्हणालास, हो, काढला. मग तू चूक मान्य केल्याची सही केलीस, तुझा बस चालवायचा बॅज गेला, आणि वीस वर्षं बस चालवलेला माणूस डेपोच्या स्टोअरमध्ये फिल्टर आणि बेल्ट मोजून देऊ लागला.

गेल्या महिन्यात तू डेपोत असताना मी घरी येऊन गेले, हे वहिनीने तुला सांगितलेलं नाही. मीच सांगू नको म्हटलं होतं, तिच्यावर चिडू नकोस. मला तुझ्या बसमधली ती वेगनोंदीची कागदी चकती हवी होती. चौकशीनंतर परत मिळाल्यावर वहिनीने ती शिवणाच्या डब्यात, पातळ कागदात गुंडाळून ठेवली होती. आमच्या प्रयोगशाळेत मी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. केसाएवढ्या रेघेत तुझी सगळी सकाळ होती. वळणात शिरताना वेग अडतीस. तिथली मर्यादा चाळीसची आहे. मग रेघेची उतरण, मग एक बारीकसा सपाट तुकडा, जिथे तू पाय काढलास, आणि पुन्हा उतरण. दुसऱ्या दिवशी मी त्या वळणावर गेले. खाण अजून चालू आहे आणि माती अजून सांडते. उतार मोजला, वळणाची त्रिज्या मोजली, चाक लावलेल्या उपकरणाने त्या ओल्या मातीवरची पकड मोजली. एका ट्रकवाल्याने थांबून विचारलं, 'ताई, काही हरवलंय का?' मी म्हटलं, 'हो, सापडेल.'

मग तुझी जुनी बस मी संगणकावर उभी केली. तेच वजन, तेच टायर, तेच ब्रेक, चाकं अडकू न देणारी यंत्रणा नाही, कारण तुझ्या बसमध्ये ती नव्हतीच. आणि पाय नि हात वेगवेगळ्या तऱ्हांनी चालवून ती बस चार लाख वेळा त्या वळणावरून सोडली. ज्या ज्या वेळी ब्रेक शेवटपर्यंत धरून ठेवला, त्या प्रत्येक वेळी बस मोकळ्या जागेतून ओढ्यात गेली. एकदाही, दादा, एकदाही ती रस्त्यावर राहिली नाही. बस जिथे वाचली त्या सगळ्या वेळी कुणीतरी मध्ये पाय काढला होता. आमचा कंट्रोलरही मी त्या बसमध्ये बसवून पाहिला. तो तुझ्यापेक्षा सरस निघाला, हे तुझ्यापासून लपवणार नाही. तुझी शेपटी भिंतीवर ताशी एकवीस किलोमीटरने आदळली, त्याची सतराने आदळली असती. पण आदळली असतीच. आठ माणसांनी चार वर्षं घालवून, सेकंदाला वीसदा विचार करणारं यंत्र बनवलं, आणि ते तुझ्या एका पायापेक्षा ताशी चार किलोमीटरने सरस ठरलं. तीसच्या वेगाने आला असतास तर काहीच झालं नसतं, हेही मी माझ्या अहवालात लिहिलंय, कारण कुणीतरी ते विचारणारच. पण तीसने यायचं कारण त्या सकाळी कुणालाच दिसत नव्हतं.

शिवणकाम करणाऱ्या बाईंकडेही जाऊन आले. त्यांना आधी सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटेना. घर छोटं, पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला टेकवलेली काठी. म्हणाल्या, 'तुमचे भाऊ दर महिन्याला येतात. मशीनला तेल घालतात, पट्टा बघतात आणि चहा न घेता जातात. नऊ वर्षांत हवापाण्यापलीकडे बोलले नाहीत.' हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना कागदावर वळण काढून दाखवलं, कुठे खुंट, कुठे भिंत. त्यांनी बराच वेळ त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, 'म्हणजे ब्रेक सोडला म्हणून मी लंगडते, आणि ब्रेक सोडला म्हणूनच मी आहे?' मी म्हटलं, हो. त्या रडल्या नाहीत. सुईत दोरा ओवत म्हणाल्या, 'मग हे त्यांना कुणी सांगितलं की नाही? तो माणूस माझ्यापेक्षा जास्त लंगडत चालतो.'

तो नियम नको, हे साहेबांना पटवायला मात्र आलेख पुरले नाहीत. शेवटी मिशीवालेच पुढे झाले. त्यांनी सगळ्या यंत्रणा बंद करायला लावल्या, पट्टा आवळला, आणि ब्रेक दाबून धरूनच वळण घेऊन दाखवतो म्हणाले. सहा वेळा गेले. सहाही वेळा शंकू चिरडत सरळ बाहेर. सातव्यांदा मी सांगितलं तसा मध्ये पाय काढून, क्लच दाबून गेले, आणि बस तिरकी होत होत वळली. खाली उतरून त्यांनी मिशीवरचा घाम पुसला. 'अंगातला प्रत्येक स्नायू ओरडतो की दाब, दाब,' ते म्हणाले. 'तिथे पाय काढायला काय काळीज लागतं, ते मला आज कळलं. आणि मला तर समोर नुसते प्लास्टिकचे शंकू होते.' साहेबांनी नियमाचा कागद घडी घालून खिशात टाकला. आमची बस ब्रेक सोडण्याच्या हक्कासकट पास झाली.

आता हे पत्र का लिहिलं ते. चकती द्यायला वहिनीने डबा उघडला तेव्हा तळाशी चार कागद होते. तुझ्या अक्षरातले. चौकशीसाठी लिहिलेलं तुझं निवेदन, जे तू कधी दिलंच नाहीस. मातीचं लिहिलंयस, खुंटांचं लिहिलंयस, आणि तिसऱ्या पानावर खाली रेघ मारून, 'चाक फिरत राहिलं तरच गाडी वळते, म्हणून मी पाय काढला.' माझं चार वर्षांचं काम तू एका ओळीत लिहून ठेवलं होतंस. मी वहिनीला विचारलं, हे त्याने दिलं का नाही? ती आधी सांगेना. मग म्हणाली, 'चौकशीच्या आदल्या दिवशी तू जेवायला आली होतीस, आठवतंय?' मला आठवलं. पदवी नवी, नोकरी नवी. तू माझं पान वाढून होईपर्यंत थांबलास आणि विचारलंस, 'तू शिकलेली आहेस, तू सांग, मी पाय काढला ते चुकलं का?' आणि मी, उतार किती, माती कसली, वेग काय, एकही प्रश्न न विचारता, घास तोंडात असतानाच म्हणाले, 'दादा, उतारावर ब्रेकवरून पाय काढायचा नसतो, हे कुणीही सांगेल.' वहिनी म्हणाली, तू ते कागद तिच्याकडे दिलेस आणि म्हणालास, 'धाकटी म्हणते तर तसंच असेल.' दुसऱ्या दिवशी तू सही केलीस. मला वाटायचं तुझा बॅज चौकशीने घेतला. तो मी घेतला, जेवता जेवता. म्हणून आज पूर्ण शिक्षणानिशी, मोजून मापून, सही करून तुला सांगते, की मी चुकले होते, तू नाही. तुझे चार कागद आणि त्यामागे माझ्या अहवालाचे साठ, असे मी वाहतूक कार्यालयात दिलेत. चौकशी पुन्हा उघडायला ते तयार आहेत. अट एकच, कबुली तू स्वतः मागे घ्यायची. अर्ज सोबत जोडलाय. तुझ्या सहीची जागा मी मोकळी ठेवलीय, साक्षीदाराच्या जागी माझी आधीच केलीय. रविवारी येते, पेन घेऊन.

'बरं' म्हणून फोन ठेवू न देणारी,
तुझीच धाकटी